एकोणीस वर्षांचा ‘गॅप’

प्रति,
वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता

महोदय, महोदया,

मी कागदावर अधिपरिचारिका आणि रुग्णांसाठी सिस्टर आहे. वय ३७. मराठवाड्याच्या तेलंगणाकडच्या टोकाला असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. २०२४ आणि २०२५ अशी दोन वेळा ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. पहिल्यांदा ३३१ गुण पडले, दुसऱ्यांदा ४१२. शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसची जागा मिळायला ते पुरले नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना जास्त पडले त्यांना जागा मिळाल्या, ते योग्यच झाले. मी पुन्हा बसणार आहे. गुणांत सवलत मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते.

पत्र लिहावेसे वाटले ते एका प्रतिज्ञापत्रामुळे. यंदा राज्याच्या प्रवेशफेरीत नाव नोंदवताना कागदपत्रे जमवत होते. शिक्षणात खंड असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र लागते, म्हणून तहसीलसमोरच्या टायपिस्टकडे गेले. त्याच्याकडे नमुना तयारच होता. नाव, वय, गाव बदलून दोन मिनिटांत त्याने कागद हातात दिला. त्यात लिहिले होते: ‘सन २००६ ते २०२५ या कालावधीत मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नसून मी घरीच होते.’

मी म्हटले, दादा, हे खोटे आहे. तो म्हणाला, मॅडम, सगळे असेच देतात, कोणी वाचत नाही.

मी त्याच्याजवळच्या स्टुलावर बसले आणि सांगत गेले. २००६ मध्ये बारावी विज्ञान. त्यानंतर शासकीय परिचर्या प्रशिक्षण केंद्रात जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. मग ग्रामीण आरोग्य अभियानात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर पाच वर्षे, त्यातली तीन उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र अशा दोन्ही ठिकाणी मिळून. २०१५ पासून नियमित सेवा. प्रसूती कक्ष, पुरुष विभाग, अपघात विभाग. कोविडमध्ये सलग सात महिने विलगीकरण कक्ष. तो टाइप करत होता, मजकूर दुसऱ्या पानावर गेला. शेवटी त्याने विचारले, मग यात गॅप कुठे आहे?

त्या माणसाचा दोष नाही. नमुना त्याने केलेला नाही. तो केला गेला तो बारावीनंतर एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा देणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलासाठी. आणि माझे म्हणणे नेमके हेच आहे: दार आमच्यासाठी उघडले, पण दारामागचे सगळे घर अजून अठरा वर्षांच्या मुलाच्याच मापाचे आहे.

दार कसे उघडले तेही थोडक्यात मांडते. २२ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने एमबीबीएस प्रवेशासाठी खुल्या गटाला २५ वर्षे आणि राखीव गटाला ३० वर्षे अशी कमाल मर्यादा आली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जास्त वयाच्या उमेदवारांना तात्पुरते परीक्षेला बसू दिले, अंतिम निकालाच्या अधीन राहून. आणि ९ मार्च २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कळवले की आता कमाल वयाची अट राहिलेली नाही. ती बातमी मी सकाळच्या ड्युटीवर ड्रेसिंग ट्रॉली लावताना मोबाइलवर वाचली. तेव्हा मी चौतिसाव्या वर्षात होते. दुपारी घरी गेल्यावर लोखंडी पेटीतून बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक काढले. त्याला वाळवी लागली होती.

डॉक्टर व्हायचे आत्ताच का सुचले, असे मला नेहमी विचारले जाते. बारावीला मी राज्याची सीईटी दिली होती, कमी पडले, आणि वडिलांनी नर्सिंगचा अर्ज भरला. एसटीत वाहक असलेल्या माणसाला तीन मुलींतली एक लवकर पायावर उभी राहायला हवी होती. त्यांचे बरोबर होते. पुढे दहा-बारा वर्षे हा विषय मनात आला नाही, कारण नर्सिंगने मला भरपूर दिले. तो पुन्हा आला तो एका रात्रीनंतर.

जुलै महिना होता. पहाटे तीनच्या सुमारास एका बाईला तिच्या माणसांनी आणले. तक्रार, पोटात दुखते आणि मळमळते. चावल्याची खूण कुठेच नव्हती. घरचे म्हणत होते की रात्री वांग्याची भाजी शिळी होती. मी रक्तदाब घेताना तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या. उघडा म्हटले तर उघडता येईनात. मी विचारले, झोपला होतात कुठे? जमिनीवर. आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखले आणि पापणी जड झाली, की मण्यार आठवायची असते. तिचे दात इतके बारीक असतात की बऱ्याचदा खूण दिसत नाही, आणि दुखतही नाही.

वैद्यकीय अधिकारी त्या वेळी अडलेल्या बाळंतिणीला घेऊन १०८ च्या गाडीबरोबर जिल्ह्याच्या वाटेवर होते. त्यांचा निर्णय योग्यच होता. एका डॉक्टरने दोन ठिकाणी कसे असावे? रेंज येत-जात होती. तिसऱ्या वेळी फोन लागला, त्यांनी सर्पविषरोधक लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू करायला सांगितले, प्रतिक्रिया आली तर काय द्यायचे ते सांगितले, आणि फोन तुटला. लस सुरू झाली. तासाभराने बाईचा श्वास उथळ होत गेला. दुसरी गाडी आली तेव्हा मी अंबू बॅग धरून तिच्याबरोबर बसले. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत हाताने श्वास देत राहिले, तिचा दीर अधूनमधून बॅग दाबायला मदत करत होता. तिचे हृदय सगळा वेळ नीट चालू होते. नाडी माझ्या बोटांना लागत होती. फक्त श्वास नव्हता.

ती जगली. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला: श्वास थांबवणारे विष हृदयाला का थांबवत नाही? चार दिवसांनी आमच्या डॉक्टरांनी मला केसपेपरच्या पाठीमागे पेनाने काढून दाखवले. मज्जातंतूचे टोक, मधली बारीक फट, पलीकडे स्नायू. मण्यारीचे विष त्या टोकावरच घाव घालते, त्यामुळे निरोप पलीकडे जात नाही. हृदय त्या निरोपावर अवलंबून नाही, ते आपले आपण धडधडते. मग त्यांनी असेही सांगितले की म्हणूनच नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या इंजेक्शनचा जसा उपयोग होतो तसा मण्यारीत भरवशाचा नसतो. मी इतकी वर्षे ती इंजेक्शने भरून देत होते. का देते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे दोन वर्षांनी नीटच्या अभ्यासात तंत्रिका संस्थेचे प्रकरण आले आणि तीच आकृती पुस्तकात समोर आली. मी ती पाठ केली नाही. मला ती एका बाईच्या पापण्यांवरून आधीच माहीत होती. तुमच्यातले जे शिकवतात त्यांना मी काय म्हणते ते समजेल. मोठ्या वयाचा विद्यार्थी हळू शिकतो, हे काही प्रमाणात खरे आहे. भौतिकशास्त्रात मला त्याचा अनुभव आला, घूर्णन गतीची गणिते मला अजून रडवतात. पण शरीराबद्दलचे काहीही वाचले की त्याला लगेच एक चेहरा, एक खाट, एक रात्र चिकटते. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो चेहरा पुढे कधीतरी भेटतो.

आता ज्या आक्षेपाला मी सगळ्यात जास्त वेळा तोंड दिले, त्याकडे येते. ‘एक सीट वाया जाते.’ हे मला शेजाऱ्याने ऐकवले, नात्यातल्या एका डॉक्टरने ऐकवले आणि नांदेडच्या एका क्लासच्या चौकशी खिडकीवरही ऐकवले गेले. त्या खिडकीवर आधी मला विचारले गेले की मुलगा कितवीत आहे. मी म्हटले, आठवीत, पण क्लास मला हवा आहे. मग तिथल्या बाईंनी आवाज खाली आणून, खरोखर काळजीने म्हटले, ताई, तुम्ही डॉक्टर होणार कधी आणि काम करणार किती वर्षे? तेवढ्या जागेत एखादं लेकरू चाळीस वर्षे काम करेल.

हा प्रश्न मी टाळणार नाही. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर आहेत आणि परीक्षेला २२ लाखांहून अधिक जण बसतात. त्यामुळे एकेका जागेचा हिशेब मागण्याचा हक्क समाजाला आहे. माझा हिशेब असा. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप) धरून मी चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर होईन. पासष्टीपर्यंत धरले तरी एकवीस वर्षे. ही एकवीस वर्षे चाळीसपेक्षा कमी आहेत, हे उघड आहे. पण ती कुठे जातील, हेही हिशेबात धरा.

आमच्या रुग्णालयात बंधपत्राचे (बाँडचे) एक वर्ष पूर्ण करायला तरुण डॉक्टर येतात. हुशार असतात, मनापासून काम करतात. रात्रीच्या ड्युटीत त्यांच्या टेबलावर पदव्युत्तर प्रवेशाची पुस्तके असतात, आणि वर्ष संपले की ते जातात. मी त्यांना दोष देत नाही. चोविसाव्या वर्षी मीही गेले असते. त्यांचे आयुष्य अजून मांडायचे आहे. माझे मांडून झाले आहे. माझे घर इथे, शेत इथे, सासूबाई इथे. मी कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या बायकांशी मोडकेतोडके का होईना, त्यांच्या भाषेत बोलू शकते. मला पदव्युत्तर शिक्षण नको, शहर नको. एका तालुक्याला एकवीस वर्षे एकच डॉक्टर मिळाला तर त्याचे मोल काय, ते आमच्याकडच्या माणसांना विचारा. दर वर्षी नव्या डॉक्टरला आपली सगळी दुखणी पहिल्यापासून सांगायचा त्यांना कंटाळा आला आहे.

रखमाबाईंचे उदाहरण मला धीर देते. वैवाहिक हक्कांच्या खटल्यामुळे त्यांना आपण सगळे ओळखतो. त्यांच्या वयाकडे मात्र कोणी पाहिलेले दिसत नाही. जन्म १८६४ चा. लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात त्या गेल्या १८८९ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, आणि डॉक्टर झाल्या १८९४ मध्ये, तिशीला येऊन. त्या काळी बाईचे आयुष्य या वयापर्यंत संपल्यातच जमा असे. त्यानंतर त्यांनी सुरत आणि राजकोटमध्ये मिळून तीन दशकांहून अधिक काळ बायकांवर उपचार केले. २०१८ च्या अधिसूचनेपुढे त्यांचा अर्ज काठावर अडकला असता. ‘सीट वाया जाते’ असे ऐकले की मला सुरतेच्या दवाखान्यात रांग लावून बसलेल्या त्या बायका दिसतात.

दुसराही एक आक्षेप आहे आणि तो मला जास्त बोचतो. आमच्या मेट्रन बाईंनी तो घेतला. त्या म्हणाल्या, तू गेलीस की तुझी खाट कोण बघणार? नर्स डॉक्टर झाली म्हणजे वर चढली, असं तुला वाटतं का? यावर मी बरेच दिवस विचार केला. नाही, मला तसे वाटत नाही. डॉक्टर दिवसातून दोनदा खाटेशी येतो, आम्ही आठ तास तिथेच असतो. रुग्ण बिघडतो आहे हे आधी आम्हाला कळते. परिचर्या ही वैद्यकाची खालची पायरी नव्हे, ते दुसरे काम आहे. मला आता डॉक्टरचे काम करायचे आहे, कारण माझ्या भागात नेमके तेच माणूस कमी आहे, आणि त्या पहाटे फोन लागेपर्यंतची वीस मिनिटे मी विसरू शकत नाही. नर्सही कमी आहेत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. माझ्याकडे त्यावर पूर्ण उत्तर नाही. माझ्या रिकाम्या जागी नवी मुलगी भरली जाईल, एवढी व्यवस्था शासनाने करावी.

आणि परिचारिकांना थोडक्यात डॉक्टरकीकडे नेणाऱ्या ब्रिज कोर्सची चर्चा निघेल म्हणून सांगते, मला तो नको. रुग्णाच्या अंगाला हात लावण्याआधी जे शिकायला लागते ते सगळे मला शिकायचे आहे. शवविच्छेदनाच्या टेबलापासून.

आता तुमच्या हातात काय आहे ते.

सगळ्यात आधी नोकरी. माझ्यासारखी नियमित सेवेतली परिचारिका, औषधनिर्माता किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ निवडली गेली तर आज तिच्यापुढे राजीनाम्यावाचून फारसा मार्ग नसतो. अभ्यास रजेचे नियम आहेत, पण ती रजा साडेपाच वर्षांना पुरत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी सेवांतर्गत उमेदवार म्हणून वाट आहे. आमच्यासाठी एमबीबीएसकडे तशी वाट नाही. मी पगार मागत नाही. पदावरचा धारणाधिकार, म्हणजे त्याच पदावर परत येण्याचा हक्क, ठेवा, एवढेच मागते. पहिल्या वर्षात नापास झाले, घरात आजारपण आले, तर परत येऊन पुन्हा ट्रॉली लावता आली पाहिजे. सदतीस वर्षांच्या माणसावर घर अवलंबून असते. त्याला दोर कापून विहिरीत उतरायला सांगू नका. धारणाधिकार नाही म्हणून परीक्षेचा अर्जही न भरलेल्या दोन सहकारी मला माहीत आहेत, आणि त्यातली एक माझ्यापेक्षा हुशार आहे.

मग कागद. माझी तीन नावे आहेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे, आधारवर सासरचे, आणि परिषदेच्या नोंदणीत दोन्ही मिळून. जात प्रमाणपत्र आणि वैधता माहेरच्या नावाने. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने वडिलांचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला. लग्न झालेल्या मुलीसाठीही तो निकष आईवडिलांवरूनच लागतो, हे मला माहीत होते. मी सांगितले, वडील २०१९ मध्ये वारले. तो म्हणाला, मग पालक कोण? मी सोळा वर्षे स्वतः कमावते आहे, एका मुलाची आई आहे, आणि पालक या रकान्यात लिहायला माझ्याकडे नाव नव्हते. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या पुस्तकावर शेवटी काम झाले, पण चार खेपा आणि चार किरकोळ रजा गेल्या. प्रवेशाच्या फेऱ्या दिवसांवर चालतात. एक तारीख चुकली की वर्ष गेले. अर्जात ‘उमेदवार स्वतः कमावती’ असा एक रकाना, विवाहानंतर बदललेल्या नावासाठी एकच ठरलेला पुरावा, आणि गॅपच्या प्रतिज्ञापत्रात सेवेचा तपशील लिहायला चार ओळी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

अधिष्ठात्यांना वसतिगृहाबद्दल विनंती. मी एका महाविद्यालयात सहज चौकशी केली तेव्हा कळले की पहिल्या वर्षाच्या मुलींना तीन-तीन जणींची खोली मिळते, रात्री हजेरी असते आणि सुट्टीला घरी जायचे तर पालकांची सही लागते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलींसाठी हे असायलाच हवे. माझ्या मुलाला ताप आला तर मी कोणाची सही आणू? बाहेर राहायची परवानगी किंवा परिचारिका वसतिगृहातली एखादी खोली, यातले काही चालेल. आणि त्या मुलींनाही मोकळे राहता आले पाहिजे. आईच्या वयाची बाई खोलीत असली की त्यांचा जीव गुदमरेल, हे मला कळते.

२०२० मध्ये ओडिशातल्या ६४ वर्षांच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना बुर्ला इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. सगळ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीला सलाम केला. मलाही कोणीतरी ती बातमी पाठवली होती. सलाम चांगलाच, पण तो एका माणसाला असतो. मला असे हवे आहे की पुढच्या तालुक्यातल्या सिस्टरने अर्ज भरला तर त्याची बातमी होऊ नये.

तुम्ही विचाराल की शासनाने धारणाधिकार द्यायचा तर बदल्यात काय. एमबीबीएसनंतर आज एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. माझ्यासारख्यांसाठी ती वाढवा. मी माझ्यापुरते हमीपत्र हाताने लिहून या पत्राला जोडले आहे. ते असे:

‘मी खाली सही करणार लिहून देते की, मला शासकीय महाविद्यालयात गुणवत्तेनुसार एमबीबीएसला प्रवेश मिळाल्यास आणि माझ्या सध्याच्या पदावरील धारणाधिकार शिक्षण पूर्ण होईपर्यंत कायम ठेवल्यास, मी पदवीनंतर दहा वर्षे याच तालुक्यात शासन नेमेल त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीन. या काळात बदली मागणार नाही. मुख्यालयी राहीन.’

सहीखाली तिन्ही नावे लिहिली आहेत.

आपली विश्वासू,
एक अधिपरिचारिका